स्वामी कुवलयानंद

दीर्घ श्वास घेतला की रक्तात पुष्कळ प्राणवायू जातो आणि म्हणूनच प्राणायाम हितकारक असतो, अशी समजूत विसाव्या शतकाच्या आरंभी अनेक सुशिक्षितांत रूढ होती. योगाची थोरवी सांगणाऱ्यांना ती सोयीचीही होती. परंतु योगावर नितांत श्रद्धा असलेल्या एका मराठी शिक्षकाने ती तपासून पाहण्याचे ठरविले.

त्यांचे मूळ नाव जगन्नाथ गणेश गुणे. ३० ऑगस्ट १८८३ रोजी गुजरातेतील डभोई येथे त्यांचा जन्म झाला. घरी दारिद्र्य होते, पण मुलगा बुद्धिमान होता. १९०३ साली मॅट्रिकच्या परीक्षेत त्यांनी संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळविली. पुढे बडोद्यास राजरत्न माणिकराव यांच्या व्यायामशाळेत त्यांनी शरीर कमावले. काही वर्षे अमळनेरच्या राष्ट्रीय शिक्षणसंस्थेत त्यांनी अध्यापन केले. आजन्म ब्रह्मचारी राहून देशसेवा करण्याचे व्रत त्यांनी तरुणपणीच घेतले होते.

१९१९ साली नर्मदाकाठी मालसर येथे परमहंस माधवदासजी या योग्यांची व त्यांची भेट झाली. गुरूंनी शिकविलेल्या क्रियांचा गुण येई, हे गुणे यांना अनुभवाने पटले. मात्र तो का येतो, हा प्रश्न त्यांना स्वस्थ बसू देईना. गुरूंवर भक्ती असताना असा प्रश्न मनात बाळगणे सोपे नसते.

१९२० च्या सुमारास बडोद्याच्या इस्पितळात त्यांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने प्रयोग आरंभिले. नौली या क्रियेत पोटाचे स्नायू आकुंचित करून मध्यभागी उभे केले जातात. त्या वेळी आतड्यांतील दाब किती असतो, हे त्यांनी पाऱ्याच्या दाबमापकाने मोजले. तो बाहेरच्या हवेच्या दाबाहून कमी भरला! योगी आतड्यांत पाणी कसे खेचून घेतात, या जुन्या कोड्याचा उलगडा झाला. या निर्वात स्थितीला त्यांनी आपल्या गुरूंचेच नाव दिले.

१९२४ साली त्यांनी लोणावळ्यास कैवल्यधाम ही संस्था स्थापिली आणि ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक सुरू केले. तेथेच श्वासाची परीक्षा झाली. आत घेतलेला प्राणवायू व बाहेर टाकलेला कर्बवायू यांचे मोजमाप करण्यात आले. यातील हिशेब कोणालाही करता येईल. स्वस्थ बसलेला मनुष्य मिनिटास सुमारे पंधरा वेळा, दर खेपेस अर्धा लिटर हवा घेतो. म्हणजे साडेसात लिटर. प्राणायामात मिनिटास दोनच श्वास घेतले आणि प्रत्येक श्वास तीन लिटरांचा धरला, तरी बेरीज सहाच लिटर होते. तेव्हा प्राणायामाचे महत्त्व अधिक प्राणवायूत नाही, असे स्वामींनी स्पष्ट लिहिले. लोकप्रिय समजुतीचा आधार असा काढून घेतल्याने योगाचे काही बिघडेल, अशी भीती त्यांना वाटली नाही.

मग ते महत्त्व कशात? छाती व पोट यांतील दाबाच्या फेरबदलांत, मज्जासंस्थेवर होणाऱ्या परिणामांत आणि मनाच्या स्थैर्यात, असे त्यांचे मत होते. पूरक म्हणजे श्वास आत घेणे, रेचक म्हणजे बाहेर सोडणे आणि कुंभक म्हणजे रोखणे. नवशिक्याने कुंभकाच्या नादी लागू नये. श्वास सावकाश घ्यावा व त्याच्या दुप्पट वेळाने सोडावा, यातच पुष्कळ आहे. असे करताना आसनात बसलेल्याचे मन कालच्या भांडणाकडे किंवा उद्याच्या परीक्षेकडे धावते. श्वासाला मात्र तसे धावता येत नाही. गेलेला श्वास परत घेता येत नाही आणि पुढचा आधीच घेऊन ठेवता येत नाही. म्हणून श्वासाशी बांधलेले मन चालू क्षणी थांबते. ते पुन्हा सुटते, पुन्हा आणावे लागते. अभ्यास म्हणतात तो हाच.

१९२७ साली महात्मा गांधी आजारी असता त्यांनीही स्वामींचा सल्ला घेतला. १९३२ साली मुंबईच्या उपनगरात, सांताक्रूझ येथे, संस्थेची शाखा निघाली. १९३६ साली ती मरीन ड्राइव्हवर गेली आणि शहरातील नोकरदार मंडळी तेथे आसने व प्राणायाम शिकू लागली. १८ एप्रिल १९६६ रोजी स्वामींचे निधन झाले. लोणावळ्यातील संशोधन त्यानंतरही चालूच राहिले.