नारायण श्रीधर बेंद्रे : इंदूरच्या कलाशाळेपासून बडोद्याच्या विद्यापीठापर्यंत

दहावीचा निकाल लागला की आपल्या समाजातल्या बऱ्याच घरांत एकच चर्चा सुरू होते. अकरावीला विषय कोणते घ्यायचे? गणित, जीवशास्त्र, कॉमर्स ही नावे लगेच निघतात. मुलाने किंवा मुलीने चित्रकला म्हटले, की घर गप्प होते. आम्ही स्वतः बी.कॉम. करून सारी नोकरी बँकेत काढली, त्यामुळे आईवडिलांची ही धास्ती आम्हांला चांगली समजते. म्हणूनच आपल्या इंदूरच्या एका सुपुत्राचे चरित्र आज थोडक्यात सांगावेसे वाटले.

नारायण श्रीधर बेंद्रे यांचा जन्म 21 ऑगस्ट 1910 रोजी इंदूर येथे एका मराठी कुटुंबात झाला. ते सतरा वर्षांचे असताना, 1927 साली, होळकरांच्या या शहरात दत्तात्रय दामोदर देवळालीकर यांनी कलाशाळा सुरू केली. बेंद्रे याच शाळेत घडले. देवळालीकर मास्तर मुलांना केवळ वर्गात बसवून ठेवत नसत. ते त्यांना रंग-कागद घेऊन बाहेर पाठवत आणि समोरचा उजेड, सावली, रस्ता, माणसे पाहून रंगवायला लावत. ही नजर बेंद्र्यांना जन्मभर पुरली.

मात्र या शाळेला पदविका देण्याचा अधिकार नव्हता. इंदूरला तेव्हा विद्यापीठही नव्हते. शिक्षण इंदुरात, पण कागद बाहेरगावचा, अशी स्थिती होती. बेंद्र्यांनी दोन्ही वाटा धरल्या. 1933 साली त्यांनी आग्रा विद्यापीठाची बी.ए. पदवी मिळवली आणि 1934 साली मुंबईची चित्रकलेची सरकारी पदविका. त्या काळच्या मध्यमवर्गीय घराला पदवीचा आधार वाटत असणार. तो आधार त्यांनी सोडला नाही आणि ब्रशही खाली ठेवला नाही.

याच सुमाराची एक हकीकत मकबूल फिदा हुसेन यांनी पुढे सांगितली आहे. हुसेन तेव्हा इंदुरात राहणारे, त्यांच्याहून लहान, चित्रांचे वेड लागलेले. बेंद्र्यांनी त्या मुलाचे काम पाहिले, ते त्याच्या घरी गेले आणि याला चित्रकलेकडे जाऊ द्या, असे त्याच्या वडिलांना समजावले. वडिलांनी ऐकले. बेंद्रे तेव्हा काही नामवंत नव्हते. स्वतःच नुकते शिकून बाहेर पडत असलेल्या तरुणाने दुसऱ्याच्या मुलासाठी शब्द टाकला, याचे आम्हांला विशेष वाटते.

पुढे बेंद्र्यांनी काही वर्षे काश्मीरमध्ये पर्यटन खात्यासाठी चित्रकार म्हणून काम केले आणि तिथली निसर्गचित्रे रंगवली. 1941 साली बॉम्बे आर्ट सोसायटीचे सुवर्णपदक मिळाले. नाव झाले, तरी शिकणे थांबले नाही. 1945 साली ते शांतिनिकेतनला राहिले. तिथे नंदलाल बोस, बिनोदबिहारी मुखर्जी आणि रामकिंकर बैज यांचा सहवास लाभला. 1947-48 मध्ये अमेरिकेचा प्रवास झाला आणि न्यूयॉर्कमध्ये त्यांनी प्रदर्शन भरवले.

1950 साली बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात ललित कला शाखा सुरू झाली आणि चित्रकला विभागाची धुरा बेंद्र्यांकडे आली. ज्या मुलाला बी.ए. एकीकडून आणि चित्रकलेची पदविका दुसरीकडून घ्यावी लागली होती, तो आता अशा ठिकाणी शिकवू लागला जिथे चित्रकलेचीच विद्यापीठीय पदवी मिळत होती. हुसेन यांच्या वडिलांसारख्या अनेक वडिलांना द्यायला आता एक ठोस उत्तर तयार झाले.

बडोद्यात त्यांनी मुलांना आपली नक्कल करू दिली नाही. त्यांच्या विद्यार्थ्यांची नावे पाहिली तरी ते कळते. ज्योती भट्ट मुद्राचित्रण आणि छायाचित्रणाकडे गेले, शांती दवे यांनी मोठी भित्तिचित्रे केली, रतन परिमू कलेतिहासाचे अभ्यासक झाले, तर काश्मीरचे गुलाम रसूल संतोष तांत्रिक चित्रांसाठी ओळखले गेले. एका गुरूचे शिष्य, पण एकाचे काम दुसऱ्यासारखे नाही. स्वतः बेंद्रेही बदलत राहिले. 1955 साली त्यांच्या ‘काटा’ या चित्राला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. 1959 मध्ये ते शाखेचे अधिष्ठाता झाले.

1966 साली त्यांनी राजीनामा दिला आणि ते मुंबईत पूर्णवेळ चित्रे काढू लागले. रंगांचे बारीक ठिपके शेजारी शेजारी ठेवून केलेली त्यांची चित्रे याच उत्तरकाळातली. 1969 मध्ये पद्मश्री आणि पुढे मध्य प्रदेश शासनाचा कालिदास सन्मान त्यांना लाभला. 1992 साली पद्मभूषण जाहीर झाले आणि त्याच वर्षी फेब्रुवारीत मुंबईत त्यांचे निधन झाले.

प्रत्येक मूल बेंद्रे होत नाही, हे आम्हांला माहीत आहे. पण आज अकरावी-बारावीला चित्रकला हा विषय घेता येतो आणि त्यापुढे पदवीही आहे. इतकी सोय बेंद्र्यांना नव्हती. आपल्या मंडळात चित्रकार आहेत, कलाशिक्षकही आहेत. आपल्या ओळखीच्या एखाद्या घरात हा प्रश्न अडला असेल, तर त्यांनी एक संध्याकाळ काढून त्या आईवडिलांना भेटावे. इंदुरात ही रीत जुनी आहे.