बेकारांची बाजू मांडणारा अर्थतज्ज्ञ

अंगात ताकद आहे, हातात कसब आहे, काम करण्याची इच्छाही आहे. पण काम नाही. अशा माणसाकडे समाज कोणत्या नजरेने पाहतो, यावर त्या समाजाचे अर्थकारण बरेचसे अवलंबून असते. विसाव्या शतकाच्या पहिल्या तीन दशकांत पाश्चात्त्य अर्थशास्त्राचे याबाबतचे उत्तर सोपे होते. कमी मजुरीवर राबायची तयारी असेल तर काम मिळतेच. ज्याला मिळत नाही, त्याने आपल्या श्रमाची किंमत वाजवीपेक्षा जास्त लावलेली असते, असे ते उत्तर. म्हणजे बेकारीचा दोष अखेर बेकाराच्याच माथी येत असे. हा दोष त्याच्या माथ्यावरून उतरवण्याचे काम ज्या अर्थतज्ज्ञाने केले, त्याचे नाव जॉन मेनार्ड केन्स. स्वतः केन्स यांना मात्र कामासाठी कधी कोणाच्या दारात उभे राहावे लागले नाही.

केन्स यांचा जन्म ५ जून १८८३ रोजी इंग्लंडमधील केंब्रिज येथे झाला. वडील जॉन नेव्हिल केन्स हे तर्कशास्त्र आणि अर्थशास्त्राचे अभ्यासक. पुढे ते केंब्रिज विद्यापीठाचे कुलसचिव झाले. आई फ्लॉरेन्स यांनी समाजकार्यात आयुष्य घालवले. तरुण मुलांना काम मिळवून देणारे केंद्र केंब्रिजमध्ये सुरू होण्यामागे त्यांचा हात होता आणि १९३२ साली त्या शहराच्या महापौरही झाल्या. अशा सुखवस्तू आणि विद्याव्यासंगी घरात वाढलेला हा मुलगा शिष्यवृत्ती मिळवून ईटनच्या शाळेत गेला. तेथून केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजात आला आणि गणित घेऊन पदवीधर झाला.

१९०६ च्या सनदी परीक्षेत केन्स दुसरे आले. अर्थखात्यातील जागा पहिल्या आलेल्या उमेदवाराने घेतली आणि केन्स यांच्या वाट्याला लंडनचे इंडिया ऑफिस आले. तेथे त्यांच्यावर सोपवलेले पहिले मोठे काम होते दहा तरुण आयरशायर वळू जहाजाने मुंबईस धाडण्याचे! अशा कामात त्यांचे मन रमणे शक्यच नव्हते. दोन वर्षांत राजीनामा देऊन ते केंब्रिजला परतले. पण हिंदुस्थानच्या अर्थकारणाने त्यांना सोडले नाही. १९१३ साली त्यांचा पहिला ग्रंथ आला तो भारतीय चलनावर. त्यात त्यांनी हिंदुस्थानसाठी सुवर्ण विनिमय परिमाणाची तरफदारी केली होती. लंडनमध्ये अर्थशास्त्राचा अभ्यास केलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२३ साली प्रसिद्ध झालेल्या रुपयाच्या प्रश्नावरील आपल्या ग्रंथात या मताचा सडेतोड प्रतिवाद केला. सरकारच्या मर्जीवर चालणारे चलन फुगत जाते आणि त्या महागाईची झळ कष्टकऱ्यांना सर्वाधिक बसते, हा आंबेडकरांचा आक्षेप होता.

पहिल्या महायुद्धात केन्स ब्रिटिश अर्थखात्यात दाखल झाले. १९१९ च्या पॅरिस शांतता परिषदेत ते खात्याचे प्रतिनिधी होते. पराभूत जर्मनीवर लादली जाणारी खंडणी त्या देशाला पेलणार नाही आणि त्यातून सारा युरोप पुन्हा अस्थिर होईल, असे त्यांचे मत होते. ते मानले जाईना, तेव्हा त्यांनी पद सोडले आणि काही महिन्यांत आपले म्हणणे पुस्तकरूपाने मांडले. त्या पुस्तकाने त्यांचे नाव जगभर झाले.

बेकारीच्या प्रश्नाशी त्यांची खरी गाठ पडली ती त्यानंतर. १९२० च्या दशकात ब्रिटनमध्ये बेकारांची संख्या दहा लाखांच्या खाली क्वचितच गेली. अशा स्थितीत १९२५ साली अर्थमंत्री विन्स्टन चर्चिल यांनी पौंड पुन्हा युद्धपूर्व दराने सोन्याशी जोडला. राष्ट्राची पत राखण्यासाठी हे आवश्यक मानले गेले. केन्स यांनी मात्र त्याचा हिशेब मांडून दाखवला. पौंड सुमारे एक दशांशाने महाग झाल्यामुळे ब्रिटिश कोळसा परदेशात खपेना आणि तो खपवण्यासाठी खाणमालकांना मजुरीत कपात हवी होती. सोन्याचा मान राखण्याची किंमत खाणकामगाराच्या ताटातून वसूल होणार होती. पुढच्याच वर्षी, मे १९२६ मध्ये, खाणकामगारांच्या पाठिंब्यासाठी देशात सार्वत्रिक संप झाला. तो नऊ दिवसांत मागे घेतला गेला. खाणकामगार एकटे आणखी काही महिने झुंजले आणि अखेर उपासमारीने हरून कमी मजुरीवर खाणीत उतरले.

१९२९ च्या निवडणुकीत लिबरल पक्षाचे नेते लॉइड जॉर्ज यांनी रस्ते, घरे आणि इतर सार्वजनिक कामांसाठी कर्ज काढून बेकारी हटवण्याची योजना मांडली. केन्स यांनी ह्यूबर्ट हेंडरसन यांच्यासह पुस्तिका लिहून तिचे समर्थन केले. सरकारने पैसा खर्च केला तर तेवढाच खासगी उद्योगाचा पैसा कमी होतो, हे अर्थखात्याचे ठाम मत होते. यंत्रे आणि माणसे दोन्ही रिकामी बसलेली असताना हा नियम लागू पडत नाही, असे केन्स यांचे म्हणणे होते. लॉइड जॉर्ज निवडणूक हरले आणि योजना कागदावरच राहिली.

त्याच वर्षी अमेरिकेचा शेअर बाजार कोसळला आणि महामंदी आली. १९३२ पर्यंत ब्रिटनमधील बेकार तीस लाखांच्या घरात गेले. अमेरिकेत १९३३ साली दर चार कामगारांपैकी एकाला काम नव्हते. ब्रिटिश सरकारने १९३१ साली खर्चकपातीच्या नावाखाली बेकारभत्ता दहा टक्क्यांनी घटवला आणि दीर्घकाळ बेकार असलेल्यांच्या घराच्या मिळकतीची चौकशी सुरू केली. अधिकारी घरी येऊन सामानसुमान पाहत. मुलाला थोडेफार वेतन मिळत असेल तर बापाचा भत्ता कापला जाई. त्यामुळे कित्येक कमावत्या मुलांनी घर सोडले. बेकारीने पगार तर नेलाच, शिवाय घरातील कर्त्या माणसाचा मान आणि कुटुंबाची घडीही विस्कटली. जहाजबांधणीचा कारखाना बंद पडल्याने उद्ध्वस्त झालेल्या जॅरो गावातून ऑक्टोबर १९३६ मध्ये दोनशे कामगार सुमारे साडेचारशे किलोमीटर चालत लंडनला गेले. कामाची मागणी करणारा अर्ज त्यांनी पार्लमेंटपुढे ठेवला. त्यांना रिकाम्या हातांनी परतावे लागले.

त्याच वर्षाच्या फेब्रुवारीत केन्स यांचा रोजगार, व्याज आणि चलन यांवरील प्रसिद्ध सिद्धांतग्रंथ बाहेर पडला होता. ग्रंथ किचकट आहे. पण त्याचा गाभा सामान्य वाचकालाही कळेल असा आहे. मजुरी हा कारखानदाराचा खर्च असतो, तशीच ती दुकानदाराच्या गिऱ्हाइकाची मिळकत असते. एका कारखान्याने मजुरी कापली तर त्याचा माल स्वस्त होईल. पण सर्वांनीच कापली तर तो माल घेणार कोण? खपणार नाही असे दिसले की मालक नवी यंत्रे घेत नाही, माणसे कमी करतो आणि त्या माणसांनी खरेदी थांबवली की पुढच्या दुकानाला कुलूप लागते. अशा रीतीने अर्थव्यवस्था लाखो माणसांना बेकार ठेवूनही वर्षानुवर्षे तशीच पडून राहू शकते. तिला आपोआप जाग येईलच, याची खात्री नाही.

यावर उपाय काय? केन्स यांचे तरुण सहकारी रिचर्ड काह्न यांनी १९३१ साली गुणकाची कल्पना मांडली होती. तिचा आधार केन्स यांनी घेतला. रस्त्याच्या कामावर घेतलेला गवंडी मजुरीतून पाव आणि बूट घेतो, बूटवाला त्या पैशातून कपडा घेतो, कपडेवाला आणखी काही. प्रत्येक टप्प्यावर थोडी शिल्लक मागे पडत असल्याने ही साखळी हळूहळू क्षीण होते. तरीही सरकारच्या एका पौंडातून एकाहून अधिक पौंडांची मिळकत उभी राहते. भत्त्याचा खर्च वाचतो आणि कराचे उत्पन्न वाढते, ते वेगळेच. खासगी मागणी आटते तेव्हा सरकारने ती भरून काढावी, हा या विचाराचा निष्कर्ष.

केन्स समाजवादी नव्हते. शेअर बाजारात त्यांनी पैसा गमावला आणि पुन्हा कमावलाही. रशियन नर्तिका लिडिया लोपोकोवा यांच्याशी १९२५ साली त्यांनी विवाह केला. केंब्रिजमधील नाट्यगृह स्वतःच्या पैशाने उभारले. भांडवलशाही मोडावी असे त्यांना वाटत नव्हते. लाखोंना बेकार ठेवणारी व्यवस्था लोक फार काळ सहन करणार नाहीत आणि हुकूमशहांच्या मागे जातील, ही भीती मात्र त्यांना होती. जर्मनीत ते घडतच होते. ते ऊठसूट सरकारी खर्चाचे पुरस्कर्तेही नव्हते. युद्धकाळात सर्वांच्या हाताला काम मिळाले, तेव्हा महागाई रोखण्यासाठी लोकांनी सक्तीने बचत करावी, असे त्यांनीच १९४० साली सुचवले.

१९३७ मध्ये त्यांना हृदयविकाराने गाठले. तरी काम थांबले नाही. मे १९४४ मध्ये ब्रिटिश सरकारने श्वेतपत्रिका काढून रोजगाराची पातळी उंच आणि स्थिर राखण्याची जबाबदारी स्वीकारली. दोनच महिन्यांनी अमेरिकेतील ब्रेटन वुड्स येथे ४४ राष्ट्रांची परिषद भरली. तिच्यातून आंतरराष्ट्रीय नाणेनिधी आणि जागतिक बँक जन्माला आल्या. ब्रिटनचे नेतृत्व केन्स यांच्याकडे होते. हिंदुस्थानच्या शिष्टमंडळात रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर चिंतामणराव देशमुख होते. युद्धोत्तर कर्जाच्या वाटाघाटींनी प्रकृती पार खालावली आणि २१ एप्रिल १९४६ रोजी, वयाच्या ६२ व्या वर्षी, ससेक्समधील टिल्टन येथील घरी केन्स यांचे निधन झाले. वृद्ध आईवडील दोघेही तेव्हा हयात होते.

त्यानंतरची दोन दशके ब्रिटनमधील बेकारी दोन टक्क्यांच्या आसपास राहिली. १९७० च्या दशकात बेकारी आणि महागाई एकदमच वाढली, तेव्हा केन्स यांचे उपाय थिटे पडले आणि त्यांच्या विरोधकांचा काळ आला. २००८ च्या आर्थिक संकटात आणि २०२० च्या महासाथीत मात्र अनेक सरकारांनी पुन्हा खर्चाचाच मार्ग धरला. भारतासारख्या देशात हे औषध जसेच्या तसे लागू पडत नाही, हे केंब्रिजमध्येच शिकलेल्या डॉ. व्ही. के. आर. व्ही. राव यांनी १९५२ साली दाखवून दिले. येथे यंत्रे रिकामी नसतात. एकाच तुकड्यावर सारे घर राबत असते आणि नुसता पैसा वाढवला तर धान्य महाग होते. महाराष्ट्राने १९७७ साली वि. स. पागे यांच्या पुढाकाराने रोजगार हमीचा कायदा केला, त्यामागे दुष्काळाचा अनुभव होता. तरीही काम मागणाऱ्याला काम देणे ही सरकारची जबाबदारी आहे, हे सूत्र दोन्हीकडे समान आहे.

केन्स यांचे उपाय कोठे चालतात आणि कोठे नाही, यावर अर्थतज्ज्ञ वाद घालत राहतील. बेकार माणसाला त्याच्या बेकारीचा जाब विचारण्याआधी व्यवस्थेला तो विचारायला हवा, ही त्यांची शिकवण मात्र त्या वादापलीकडची आहे.