सर डेव्हिड ब्रूस

गाईगुरे ही घरचीच माणसे होत, असे आपल्याकडे खेडोपाडी मानतात. परंतु गोठ्यातील रोग आणि घरातील रोग यांचाही निकटचा संबंध असू शकतो, ही गोष्ट ज्यांनी प्रयोगांनी जगाला पटवून दिली, त्यांत सर डेव्हिड ब्रूस यांचे नाव अग्रभागी आहे. त्यांचे अल्पचरित्र आम्ही येथे वाचकांस सादर करीत आहोत.

ब्रूस यांचा जन्म २९ मे १८५५ रोजी ऑस्ट्रेलियातील मेलबर्न शहरी एका स्कॉटिश कुटुंबात झाला. ते पाच वर्षांचे असताना आईबाप मायदेशी परतले. चौदाव्या वर्षी शाळा सुटली आणि मँचेस्टरच्या एका वखारीत नोकरी धरावी लागली. अंगी बळ उदंड असल्याने नामांकित खेळाडू व्हावे, अशी त्यांना उमेद होती. पण सतराव्या वर्षी फुफ्फुसदाहाने गाठले आणि तो मनोरथ मनातच राहिला. निराश न होता त्यांनी पुन्हा अभ्यास आरंभिला, व १८८१ साली एडिंबरो विद्यापीठाची वैद्यकीय पदवी मिळविली. १८८३ साली मेरी स्टील या सुशील व बुद्धिमती स्त्रीशी त्यांचा विवाह झाला. पुढे ते सैन्याच्या वैद्यकीय खात्यात शिरले आणि १८८४ साली भूमध्य समुद्रातील माल्टा बेटावर त्यांची नेमणूक झाली.

त्या बेटावर एका चिवट तापाने गोरे शिपाई महिनोन्महिने अंथरुणाला खिळून असत. ताप चढे, उतरे, पुन्हा चढे. सांधे ठणकत आणि घामाने कपडे भिजत. या तापाने मृत झालेल्या शिपायांच्या प्लीहेत ब्रूस यांनी रोगाचे सूक्ष्म जंतू शोधून काढले, व १८८७ साली ते प्रसिद्ध केले. परंतु हे जंतू माणसाच्या शरीरात शिरतात कोठून, हे कोडे काही सुटले नाही.

१८९४ साली त्यांना आफ्रिकेतील नाताळ प्रांती धाडण्यात आले. शेजारच्या झुलूलँडमध्ये ‘नागाना’ नामक रोगाने गुरे झिजून मरत होती. गुरे हेच ज्यांचे धन, त्यांच्यावर केवढा हा प्रसंग! उबोंबो येथे एका कुडाच्या झोपडीत या दांपत्याने आपली प्रयोगशाळा मांडली. ब्रूस यांस आजारी गुरांच्या रक्तात वळवळणारे परोपजीवी दिसले. आणि ते त्सेत्से माशीच्या दंशाने पसरतात, तसेच रानातील जनावरे स्वतः आजारी न दिसता ते अंगी बाळगून असतात, असे त्यांनी सिद्ध केले. मेरीबाई या कामात त्यांच्या खांद्याला खांदा लावून राबल्या. सूक्ष्मदर्शकाखाली दिसे त्याची चित्रेही त्या काढीत.

गुरांच्या या रोगाचा अभ्यास माणसांच्या कामी लवकरच आला. १९०३ साली युगांडात निद्रारोगाने गावेच्या गावे ओस पडत होती. कास्तेलानी या इटालियन डॉक्टरांना रोग्यांच्या मज्जारसात तसलेच परोपजीवी आढळले होते. नागाना ठाऊक असलेल्या ब्रूस यांनी त्याचे मर्म तत्काळ ओळखले. स्थानिक सरदार व मिशनरी यांच्या साहाय्याने त्यांनी ठिकठिकाणच्या माश्या गोळा करविल्या, आणि जेथे रोग तेथे त्सेत्से माशी, हे दाखवून दिले. निद्रारोगाच्या एका प्रकाराचे परोपजीवी गाईबैलांच्या रक्तात वास करतात, हे आता पूर्णपणे सिद्ध झाले आहे.

माल्टाचे कोडेही अखेरीस सुटले. ब्रूस यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या मंडळातील थेमिस्टोक्लीस झामिट या माल्टाच्याच डॉक्टरांनी १९०५ साली तेथील शेळ्यांच्या रक्तात या रोगाची खूण ओळखली. दारोदार फिरवून जिचे धारोष्ण दूध काढून देत, ती दिसण्यात निरोगी शेळीच दुधातून जंतू देत होती! १९०६ साली सैन्यात ते दूध बंद होताच शिपायांचा ताप झपाट्याने ओसरला. १८९७ साली डेन्मार्कच्या बँग यांना गाईंच्या गर्भपाताच्या रोगाचे जंतू सापडले होते. ते माल्टाच्या जंतूंचे सख्खे भाऊबंद आहेत, असे १९१८ साली अमेरिकेतील अ‍ॅलिस इव्हान्स या विदुषींनी प्रसिद्ध केले. पुढे या जंतुकुळास ब्रूस यांच्याच नावावरून ‘ब्रुसेला’ म्हणू लागले.

२३ नोव्हेंबर १९३१ रोजी मेरीबाईंनी इहलोक सोडला, आणि चारच दिवसांनी ब्रूसही त्यांच्या मागोमाग गेले. जन्मभराची सोबत मृत्यूनेही फार काळ तोडली नाही.

आपल्या देशात आजही गाईम्हशींना हा ब्रुसेला रोग होतो. २०१९ पासून केंद्र सरकारच्या योजनेखाली चार ते आठ महिन्यांच्या कालवडींस व पारड्यांस त्याची लस टोचण्यात येते. परंतु सरकारचे हात प्रत्येक गोठ्यात कसे पोचावेत? तेव्हा दूध उकळल्यावाचून पिऊ नये, आणि गाभडलेल्या गाईचा गर्भ किंवा वार उघड्या हातांनी उचलू नये, एवढे तरी आम्हा विद्यार्थ्यांनी घरोघरी सांगावे. मुक्या जनावराचे दुखणे आपले नव्हे, असे म्हणणाऱ्याच्या दारी तेच दुखणे एक दिवस येऊन उभे राहते, हाच ब्रूस यांच्या चरित्राचा बोध होय.