गायनाचार्य पं. विष्णु दिगंबर पलुसकर

गाणे ऐकावे, गवयास बिदागी द्यावी, परंतु गवई आपल्या घरात निपजू नये, अशी समजूत एके काळी आपल्या प्रतिष्ठित कुटुंबांत दृढमूल झालेली होती. या समजुतीस तडा देण्यासाठी ज्यांनी आपले सारे आयुष्य वेचले, त्या पंडित विष्णु दिगंबर पलुसकर यांचे अल्पचरित्र यंदाच्या स्मरणिकेत वाचकांपुढे ठेवताना आम्हांस समाधान वाटते.

विष्णुबुवांचा जन्म १८ ऑगस्ट १८७२ रोजी कुरुंदवाड येथे झाला. वडील दिगंबरपंत कीर्तनकार होते, तेव्हा सुस्वर गळा हा घरचाच वारसा. बालपणी फटाक्याने डोळ्यांस इजा होऊन दृष्टी अधू झाली व शाळेचा मार्ग खुंटला. पुढे मिरजेस ग्वाल्हेर गायकीचे थोर आचार्य बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांच्यापाशी त्यांचे अध्ययन झाले. त्या काळची गुरुसेवा म्हणजे कठोर तपश्चर्याच. विद्या केव्हा व किती मिळावी, हे सर्वस्वी गुरूच्या मर्जीवर अवलंबून असे. गवयास दरबारी आश्रय मिळे, पण समाजात मान मिळत नसे, हे शल्य उराशी बाळगून १८९६ साली त्यांनी मिरज सोडली.

बडोदे, ग्वाल्हेर, सौराष्ट्र असा प्रवास करीत, तिकीट लावून सर्वांस खुल्या मैफली करीत ते पंजाबात पोहोचले. ५ मे १९०१ रोजी लाहोर येथे त्यांनी गांधर्व महाविद्यालयाची स्थापना केली. संगीताच्या शाळा त्यापूर्वीही निघाल्या होत्या. बडोद्यास मौलाबक्ष यांची शाळा १८८६ पासून चालू होती. परंतु तिला राजाश्रय होता. लाहोरचे विद्यालय उभे राहिले ते लोकांच्या देणग्यांवर आणि बुवांच्या जलशांच्या उत्पन्नावर. नेमलेला अभ्यासक्रम, ठरलेली वेळ, स्वरलिपीतील छापील पुस्तके व परीक्षा, अशी शिस्त त्यांनी घालून दिली. होतकरू विद्यार्थ्यांस अन्नवस्त्र देऊन अनेक वर्षे जवळ ठेवून घेतले व त्यांतून शिक्षक तयार केले. मुलींनाही या विद्येचे दार उघडले. गृहस्थाच्या घरी म्हणता येईल अशा भक्तिपर पदांस त्यांनी मैफलीत स्थान दिले.

वर्गात बसवून गवई होत नाही, असा आक्षेप तेव्हाही होता आणि तो अगदीच निराधार नव्हता. परंतु बुवांची दृष्टी वेगळी होती. शंभर विद्यार्थ्यांतून एखादाच थोर गायक निघेल. उरलेले नव्याण्णव जाणकार श्रोते झाले, तरी कलेस लोकाश्रय लाभेल, हे त्यांनी ओळखले होते. राजेरजवाडे गेल्यावर संगीत टिकले, त्याचे एक मोठे कारण हेच होय, असे आम्हांस वाटते.

१९०८ मध्ये मुंबईस विद्यालय आले. तेथे कर्ज काढून मोठी इमारत बांधली. ते कर्ज फिटले नाही, आणि अखेरीस ती वास्तू लिलावात गेली. ज्या समाजासाठी बुवांनी एवढा खटाटोप केला, तो समाज त्या प्रसंगी पुरेसा धावून आला नाही, हे नमूद करताना लेखणी अडखळते. उत्तरायुष्यात बुवा रामभक्तीकडे वळले व नाशिकास आश्रम करून राहिले. २१ ऑगस्ट १९३१ रोजी मिरजेस त्यांचे देहावसान झाले.

इमारत गेली, पण माणसे राहिली. ओंकारनाथ ठाकूर, विनायकराव पटवर्धन, नारायणराव व्यास, बा. र. देवधर या शिष्यांनी गावोगावी ती ज्योत तेवत ठेवली. विनायकरावांनी १९३२ साली पुण्यास गांधर्व महाविद्यालय काढले. शिष्यांनी १९३१ मध्येच स्थापिलेल्या अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांस आजही असंख्य मुले-मुली बसतात. बुवांचे चिरंजीव दत्तात्रेय पितृनिधनसमयी अवघे दहा वर्षांचे होते. याच शिष्यांपाशी शिकून ते नामांकित गायक झाले. दुर्दैवाने १९५५ साली, ऐन तारुण्यात तेही गेले.

अशा पुरुषास कोणत्याही एका ज्ञातीच्या चौकटीत बसविणे योग्य नव्हे. परंतु प्रत्येक ज्ञातिसंस्थेने त्यांच्यापासून एक धडा मात्र घ्यावा. गुणवंतांचा सत्कार आपण दरवर्षी करतो. त्या यादीत गुणपत्रिकेबरोबर तंबोऱ्यासही जागा असावी. आणि कोणी कलाशिक्षक पदरमोड करून मुलांचा वर्ग चालवीत असेल, तर त्याची वास्तू लिलावात निघण्यापूर्वी आपण त्याच्या दारी पोहोचावे. विष्णुबुवांचे खरे स्मरण तेच होय.