प्रिन्सिपॉल गोपाळ गणेश आगरकर

वर्गांत नीतिपाठ चालू असतां एखादा चौकस विद्यार्थी विचारतो कीं, जो ईश्वर मानीत नाहीं तो मनुष्य खरोखर चांगला असूं शकेल काय? या प्रश्नास पुस्तकी उत्तर देण्यापेक्षां आपल्याच पुणें शहरांत राहून गेलेल्या एका थोर शिक्षकाचें चरित्र सांगणें आम्हांस बरें वाटतें.

गोपाळ गणेश आगरकर यांचा जन्म ता. १४ जुलै १८५६ रोजीं सातारा जिल्ह्यांत कऱ्हाडनजीक टेंभू या गांवीं झाला. घरची स्थिति अत्यंत गरिबीची. विद्येसाठीं त्यांस कऱ्हाड, रत्नागिरी, अकोला अशी वणवण करावी लागली. अकोल्यास मॅट्रिक होऊन ते पुण्यास डेक्कन कॉलेजांत आले. अंगांतला एकुलता एक सदरा रात्रीं धुवून वाळत घालावा व सकाळीं तोच पुन्हां घालावा, असे दिवस त्यांनीं काढले, असें सांगतात. एम्. ए. च्या सुमारास त्यांनीं आईस पत्रानें कळविलें कीं, मुलगा मोठ्या पगाराचा अंमलदार होईल ही आशा तिनें ठेवूं नये. पोटापुरत्या वेतनावर संतोष मानून आपण सारें आयुष्य लोकहितार्थ वेंचणार. दारिद्र्यांत दिवस कंठलेल्या त्या माउलीस तें वाचून काय वाटलें असेल, याची कल्पना आमच्या वाचकांपैकीं पालकांनींच करावी.

आगरकरांनीं तो शब्द पाळला. चिपळूणकर व टिळक यांच्या न्यू इंग्लिश स्कुलांत ते शिक्षक झाले व १८८१ सालीं निघालेल्या ‘केसरी’चे पहिले संपादकही तेच. कोल्हापूरच्या महाराजांचा छळ होत आहे असें वाटून छापलेल्या मजकुराबद्दल १८८२ सालीं टिळकांसह त्यांनीं मुंबईस डोंगरीच्या तुरुंगांत १०१ दिवस काढले. १८८४ सालीं डेक्कन एज्युकेशन सोसायटी व १८८५ सालीं फर्ग्युसन कॉलेज निघालें, त्यांतही त्यांचा वांटा मोठा होता. १८९२ पासून अखेरपर्यंत ते त्या कॉलेजाचे प्रिन्सिपॉल होते.

मिल्ल व स्पेन्सर यांच्या ग्रंथांचा त्यांच्या मनावर खोल परिणाम झाला होता. सर्वगुणसंपन्न असा जगन्नियंता आहे, हें बुद्धीस पटल्यावांचून मान्य करण्यास ते तयार नव्हते. सत्यानें वागावें, दुर्बळास छळूं नये, हें ठरविण्यास विवेक व मनुष्याचें हित हींच प्रमाणें त्यांस पुरेशीं वाटत. १८८८ सालीं ‘सुधारक’ पत्र काढून त्यांनीं बालविवाह व विधवांचें केशवपन यांवर निर्भीडपणें लिहिलें. संमतिवयाच्या वादांत तर टिळकांसारख्या जिवलग मित्राशींही त्यांचा उघड विरोध झाला. ते जिवंत असतांना याच शहरांत विरोधकांनीं त्यांची प्रेतयात्रा काढली! तरी त्यांनीं लेखणी खालीं ठेविली नाहीं. मात्र घरीं पत्नी यशोदाबाई श्रद्धाळू होत्या, त्यांच्यावर आपल्या मतांची सक्ति त्यांनीं केली नाहीं.

दम्यानें शरीर पोखरलें होतें. ता. १७ जून १८९५ रोजीं, वयाचीं ३९ वर्षेंही पुरीं झालीं नसतां, त्यांचें देहावसान झालें. आपल्या अंत्यविधीचा भार कोणावर पडूं नये म्हणून थोडे पैसे त्यांनीं पुरचुंडींत बांधून ठेविले होते, असें सांगतात.

आतां आरंभींच्या प्रश्नाकडे वळूं. आम्ही ख्रिस्ती आहों. सर्व सद्गुणांचा उगम परिपूर्ण अशा ईश्वरापासून आहे, ही आमची श्रद्धा आहे व आगरकरांच्या चरित्रानें ती ढळत नाहीं. परंतु ईश्वर न मानणारा तो नीतिभ्रष्टच, असें जर आम्ही वर्गांत शिकवूं, तर शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष दिल्याचा दोष आम्हांस लागेल. प्रेतयात्रा काढणारे देवास मानणारेच होते, हेंही विसरतां येत नाहीं. प्रभूनें सांगितलेला दोन पुत्रांचा दृष्टान्त आमच्या विद्यार्थ्यांनीं शास्त्रपाठाच्या तासास ऐकला आहे. एकानें बापास नकार दिला, पण मागाहून तो द्राक्षमळ्यांत कामास गेला. दुसऱ्यानें होकार दिला, पण तो गेला नाहीं. बापाच्या इच्छेप्रमाणें कोण वागला?

सकाळच्या प्रार्थनेस रोज होकार देणाऱ्या आम्हां सर्वांस, शिक्षकांस आधीं, हा प्रश्न आहे. आगरकरांविषयींचा निवाडा ईश्वराकडे सोंपवावा. आपण मळ्यांत गेलों कीं नाहीं, एवढें प्रत्येकानें स्वतःस विचारावें.