गव्हाणीपाशी उभा राहिलेला पिता

नाताळ हा आमच्या देवघरातील सण नव्हे. परंतु नगर जिल्ह्यात ज्याची हयात गेली, त्यास तो परकाही नव्हे. नाशिक येथे गणेशशास्त्री लेले यांच्यापाशी संस्कृताध्ययन केलेले नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले. पुढे अनेक वर्षे त्यांचे वास्तव्य नगरास होते. त्यांनी कीर्तनाची आपली परंपरा ख्रिस्ती उपासनेत नेली आणि येशूचे चरित्र ओवीबद्ध करण्यास आरंभ केला. १९१९ साली ते निवर्तले. अपुरे 'ख्रिस्तायन' लक्ष्मीबाईंनी पुरे केले. धर्मांतरापायी पत्नी व लहानग्या पुत्राचा काही वर्षे वियोग या कवीने भोगला होता आणि त्या माउलीने तर त्याहून अधिक. पित्याचे स्थान कोठे, हा प्रश्न त्या घराने अनुभवाने जाणला होता. म्हणून आजच्या पर्वावर आम्ही येशूच्या पालक पित्याचे, योसेफाचे, चरित्र निरूपणास घेत आहोत.

योसेफ दाविदाच्या राजकुळातला; पण राज्य केव्हाच लयास गेलेले. नासरेथ गावी सुतारकी करून तो उदरनिर्वाह करी. मरीयेशी त्याचा वाङ्निश्चय झालेला होता. विवाह होऊन ती घरी येण्यापूर्वीच ती गर्भवती असल्याचे त्यास कळले. वाचकहो, त्या पुरुषाच्या मनाची अवस्था क्षणभर ध्यानी आणावी. त्यांच्या जुन्या धर्मशास्त्रात अशा स्त्रीस दगडमाराची शिक्षा सांगितलेली होती. योसेफाने एक शब्द उच्चारला असता, तर त्याची अब्रू राहिली असती आणि तिचा प्राण गेला असता. तो नीतिमान होता; म्हणून त्याने तिचा बोभाटा न करता तिला गुपचूप सोडावे असे योजिले. दैवी संकेत त्यास अद्याप झालेला नव्हता. ही दया त्याची स्वतःची होती. त्यानंतर स्वप्नात देवदूताने गर्भाचे रहस्य सांगितले. जागा होताच योसेफाने वाद केला नाही, शंका काढली नाही. मरीयेचा स्वीकार केला.

पुढे ऑगस्त कैसराने नावनिशी लिहिण्याची आज्ञा काढली. प्रत्येकास आपल्या कुळाच्या गावी जाणे प्राप्त झाले. नासरेथाहून बेथलेहेम शंभर किलोमीटरांहून दूर, वाट डोंगराळ, आणि सोबत दिवस भरत आलेली पत्नी! बेथलेहेमी असता तिची वेळ भरली, तो उतारशाळेत जागा नाही. मरीयेने पुत्रास जन्म दिला, बाळंत्यात गुंडाळले आणि गव्हाणीत निजविले. माहेर दूर, गाव अनोळखी. त्या रात्री योसेफाने काय केले, हे चरित्रकार सांगत नाहीत. चारही शुभवर्तमानांत त्याच्या मुखीचा एक शब्दही नोंदलेला नाही. तो तेथे होता, इतकेच आपणांस कळते. आमच्या मते तेवढेच पुरेसे आहे.

चाळीस दिवसांनी शुद्धीचा विधी करण्यास ती यरुशलेमेच्या मंदिरात गेली. सधनाने कोकरू द्यावे, निर्धनाने पाखरांची जोडी द्यावी असा नियम होता. या दांपत्याने पाखरेच अर्पिली. त्यावरून घरची स्थिती उमगते. पुढे हेरोद राजा बालकाच्या जिवावर उठला. पुन्हा स्वप्नात आज्ञा झाली आणि योसेफ रात्रीच मायलेकरांस घेऊन मिसर देशी निघाला. येथे आम्हांस यमुना ओलांडणारा वसुदेव आठवतो. कंस आणि हेरोद, कारागृह आणि गव्हाणी. दोन्हीकडे रात्र, आणि बालकास तारण्यासाठी निघालेला पिता. मात्र वसुदेवाने बाळ नंदाघरी पोचविले आणि नंदाने ते वाढविले. योसेफास ही दोन्ही कर्तव्ये एकट्याने करावी लागली. वसुदेवाची वाट आणि नंदाचे वात्सल्य, दोन्ही त्याचीच.

हेरोदाच्या मृत्यूनंतर तो नासरेथास परतला. येशू बारा वर्षांचा असता यरुशलेमेत मागे राहिला, तेव्हा योसेफ व्याकूळ होऊन मरीयेसह त्याचा शोध करीत होता. तो प्रसंग शेवटचा. त्यानंतर तो कथेतून नाहीसा होतो. क्रूसापाशी येशूने मातेस शिष्याच्या हाती सोपविले, त्यावरून योसेफ तत्पूर्वीच निवर्तला असावा असे मानितात. १८७० साली पोप नववे पायस यांनी त्यास सकल कॅथलिक चर्चचा आश्रयदाता म्हणून घोषित केले.

आपल्याकडे बाळंतिणीची खोली ही बायकांची. पुरुषाने ओसरीवर येरझारा घालाव्या आणि पुत्र की कन्या एवढे विचारावे, अशी रीत आम्ही पाहिली आहे. त्या रात्रीच्या वेदना कोणी विचारीत नसे. योसेफाचे चरित्र सांगते की, प्रसववेळी पुरुषाच्या हाती फारसे काही नसले, तरी विश्वास ठेवणे, सोबत राहणे आणि संकटात वाट काढणे त्याच्या हाती आहे. आणि ही मुकी सेवा हीसुद्धा भक्तीच आहे. ज्या घरी आज कोणी लेक वा सून दिवसांत असेल, तेथील पुरुषांनी देवापुढे निरांजन लावताना एवढे मनी धरावे. माता व बालक सुखरूप असोत, हीच आमची जगदीशापाशी प्रार्थना.