एकच शर्यत, तीही हरलेली

गिरगाव चौपाटीवरून विल्सन कॉलेज मागे टाकून केम्प्स कॉर्नरकडे निघा. संध्याकाळी सहाला या रस्त्यावर स्कूटरसुद्धा रांगते. १९२०च्या दशकाच्या शेवटी मात्र दक्षिण मुंबईच्या रस्त्यांवर एक बुगाटी सुसाट पळायची. चालवणारा पंचविशीतला, फ्रेंच आईचा मुलगा. पोलिसांनी भरधाव गाडी चालवल्याबद्दल धरलं, म्हणून त्याने जॅक विकाजी नावाचा वकील गाठला. खटला राहिला बाजूला, वकिलाची पुतणी थेल्मा आवडली आणि १९३०च्या डिसेंबरात लग्नही झालं!

हा मुलगा म्हणजे जहांगीर रतनजी दादाभॉय टाटा. आपले जेआरडी.

उद्योगपती जेआरडी पाठ्यपुस्तकात भेटतात. रेसर जेआरडी फारसे भेटत नाहीत, कारण ती कारकीर्द जेमतेम एका शर्यतीची.

वेगाचं वेड लहानपणीचं. फ्रान्समध्ये हार्देलोच्या किनाऱ्यावर टाटांचं सुट्टीतलं घर होतं आणि शेजारी कोण, तर विमानातून इंग्लिश खाडी पहिल्यांदा ओलांडणारा लुई ब्लेरिओ. असा शेजार मिळाल्यावर पोरगं बिघडणारच. १९२५मध्ये जेआरडी बिनपगारी उमेदवार म्हणून टाटांच्या ऑफिसात लागले, तरी जीव अडकला होता जुहूच्या फ्लाइंग क्लबमध्ये. चार तासांहूनही कमी शिकवणीनंतर त्यांनी एकट्याने विमान उडवलं. १० फेब्रुवारी १९२९ला हातात पडलेल्या परवान्यावर क्रमांक होता १.

त्याच वर्षी आगा खान यांनी ५०० पौंडांचं बक्षीस लावलं. भारत आणि इंग्लंडमधलं अंतर एकट्याने, एका महिन्याच्या आत उडून पार करणाऱ्या पहिल्या भारतीयाला ते मिळणार होतं. सुरुवात कुठल्याही टोकाकडून केली तरी चालेल. विमानं म्हणजे जिप्सी मॉथसारखी लाकूड-कापडाची. डोक्यावर छप्पर नाही, रेडिओ नाही, खाली वाळवंट नाहीतर समुद्र, आणि इंधनासाठी सारखं उतरायचं. वेगापेक्षा दम बघणारा हा मामला होता.

तिघे उतरले. मनमोहन सिंग पोहोचले, पण महिन्याची मुदत उलटून गेली होती. अस्पी इंजिनीअर हा १७ वर्षांचा मुलगा २५ एप्रिल १९३०ला लंडनजवळच्या क्रॉयडनहून पूर्वेकडे निघाला. जेआरडी आठवडाभराने, ३ मेला, कराचीहून पश्चिमेकडे. एकमेकांच्या विरुद्ध दिशेने धावणारे दोन स्पर्धक! साहजिकच वाटेत गाठ पडली, इजिप्तमध्ये अबुकीरच्या विमानतळावर.

अस्पी तिथे अडकून बसला होता. इंजिनाला स्पार्क प्लग हवे होते आणि जवळ जादा प्लग नव्हते. बाइकचा प्लग गेला तर आपण नाक्यावरच्या गॅरेजात जातो, तिथे कुठलं गॅरेज? जेआरडींकडे जादा प्लग होते.

इथे जरा थांबा आणि स्वतःला त्या जागी ठेवून बघा. काही खोटं बोलायचं नाही, कुणाला पाडायचं नाही. फक्त हात हलवून निरोप घ्यायचा आणि उडायचं. अस्पी आणखी थोडा वेळ अडकला असता, तर बक्षीस बहुतेक आपलंच. कुणी नावंही ठेवली नसती.

जेआरडींनी प्लग काढून दिले.

११ मेला अस्पी कराचीत उतरला. जेआरडी क्रॉयडनला पोहोचले तेव्हा काही तासांचा उशीर झाला होता. आठवडाभर उशिरा निघून इतकं जवळ येणं म्हणजे उडवणं त्यांचंच जलद होतं, पण मोजायचं होतं ते आधी कोण पोहोचलं एवढंच. ५०० पौंड अस्पीला मिळाले. टाटांच्या मुलाला पैशांचं काय, असं कुणी म्हणेल. खरंय, पण पहिलेपणाची हौस श्रीमंतांनाही असतेच, आणि ते पुन्हा मिळणार नव्हतं.

हा अस्पी पुढे वायुदलात गेला आणि १९६०मध्ये थेट वायुदलप्रमुख झाला.

जेआरडींनी मग वेगाला कामाला लावलं. १५ ऑक्टोबर १९३२ला कराचीहून टपालाच्या थैल्या घेऊन, अहमदाबादमार्गे, ते आपल्या पस मॉथने जुहूला उतरले. जुहूची धावपट्टी पावसाळ्यात पाण्याखाली जायची, तेव्हा सगळा पसारा पुण्याला हलवायचा. यातूनच पुढे एअर इंडिया झाली. आता प्रतिस्पर्धी कुणी नव्हता, टपाल वेळेवर पोहोचवायचं होतं.

पन्नास वर्षांनी, १९८२च्या १५ ऑक्टोबरला, ७८ वर्षांचे जेआरडी पुन्हा कराचीहून तसंच जुनं, छोटं विमान घेऊन निघाले. एकटेच. संध्याकाळी जुहूला उतरले.